सभागृहातील पडदा आणि कार्यालयाचे जाळे

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



माझ्या वाट्याला आलेला विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. सभागृहातील पडद्याला एक लहानशी डबी जोडावयाची आणि फोनमधले अथवा संगणकातले चित्र तारेवाचून त्या पडद्यावर आणावयाचे, एवढेच काम. डबी बाजारात मिळते, तिच्याबरोबर चार चित्रांचे पत्रक मिळते आणि घरच्या टीव्हीला ती दहा मिनिटांत जोडली जाते. मग त्यासाठी तासाभराचे व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घर आणि कार्यालय यांतील फरकात आहे. घरात एकच जाळे असते आणि त्यावर घरचीच माणसे असतात. कार्यालयाच्या जाळ्यावर मात्र वेतनाची देयके असतात, लाभार्थ्यांच्या याद्या असतात, आणि त्याच इमारतीत दररोज पन्नास अभ्यागत खिशात फोन घेऊन वावरत असतात. पडदा दोघांचाही असतो. अडचण नेमकी तेथे सुरू होते.

१८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले, तेव्हा दिवा, रंगविलेली काच आणि पडदा ही तिन्ही खेळ करणाऱ्याच्याच हाती होती. पुढे शाळांत स्लाइड दाखविण्याचे यंत्र आले, कार्यालयांत प्रोजेक्टर आला. तरी एक तार होती आणि त्या तारेचे टोक ज्याच्या हाती तोच बोलणार, हे उघड दिसत असे. तार गेल्यावर हा अधिकार कोणाकडे गेला, हे दिसेनासे झाले. तो आता जाळ्याच्या मांडणीत दडलेला असतो.

एका बैठकीची हकीकत

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कार्यालयात टंचाई आढावा बैठक होती. कार्यालयाचे नाव मी घेत नाही, कारण चूक कार्यालयाची नव्हती. तेथील जाळे मीच बसविले होते. सभागृहात नवी डबी लावून मी मोठ्या समाधानाने मागच्या खुर्चीवर बसलो होतो. अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपवरील तक्ते पडद्यावर क्षणात उमटले. टँकरच्या फेऱ्या, विहिरींची संख्या, मंजूर खेपा, सर्व काही ठाकठीक. त्यानंतर एका दूरच्या गावच्या सरपंचताई उठल्या. ज्या विहिरीवरून तक्त्यात पाणीपुरवठा सुरू दाखविला होता, तिच्या तळाची छायाचित्रे त्यांनी आदल्या संध्याकाळी काढून आणली होती. त्यांनी फोनवर खटपट केली. फोनच्या यादीत पडद्याचे नावच येईना. लिपिक मदतीला गेले, तेही थकले. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुमचा फोनच जुना आहे." सभागृहात थोडे हसू झाले. ताईंनी फोन वर धरून दाखवला. पहिल्या रांगेपलीकडे कोणाला काय दिसणार? अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

फोन जुना नव्हता. त्यांना दारावरच्या शिपायाने सांगितल्याप्रमाणे त्या अभ्यागतांच्या वाय-फायवर होत्या, आणि डबी मी कार्यालयाच्या जाळ्यावर ठेवली होती. म्हणजे त्या सभागृहात पडद्यावर कोण बोलू शकेल आणि कोण नाही, याचा निर्णय माझ्या एका जोडणीने आधीच करून टाकला होता. अधिकारी बोलू शकत होते, सरपंच नाही. तसा माझा मुळीच हेतू नव्हता, परंतु परिणाम तोच झाला.

पुढच्या आठवड्यात घडले ते अधिक वाईट. पुन्हा अशी फजिती नको म्हणून कोणीतरी सद्हेतूने कार्यालयाच्या वाय-फायचा परवलीचा शब्द कागदावर लिहून सभागृहाच्या भिंतीला डकवला. अडचण तर सुटली. परंतु त्यानंतर सभागृहात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये तो शब्द साठून राहिला. फोन एकदा शिकलेले जाळे विसरत नाहीत. आवाराच्या जवळून जाता जाता आपण होऊन जोडले जातात. मी पुन्हा गेलो तेव्हा कार्यालयाच्या जाळ्यावर कर्मचाऱ्यांच्या यंत्रांपेक्षा परकी यंत्रे अधिक होती.

दवंडी वेशीच्या आत

ताईंच्या फोनला पडदा का सापडला नाही, हे समजले म्हणजे निम्मा विषय समजला. फोन पडद्याला कसा शोधतो? तो दवंडी पिटतो. "येथे कोणी पडदा आहे काय?" अशी हाक तो जाळ्यावरील सर्वांना एकदम देतो, आणि डबी "मी अमुक सभागृहाची, माझा पत्ता हा" असे उत्तर देते. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. तिची हाक २२४.०.०.२५१ या ठरावीक सामूहिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या द्वाराने जाते. ॲपलची एअरप्ले आणि गूगलची कास्ट या दोन्ही रीती पडदा शोधण्यासाठी हिचाच आधार घेतात. आता गावातील दवंडी जशी वेशीच्या आतच ऐकू जाते, तशी ही हाक आपल्या जाळ्याच्या सीमेपर्यंतच जाते. दोन जाळ्यांमधला राऊटर ती पलीकडे नेत नाही. नेऊ नये असाच नियम आहे. त्यामुळे अभ्यागतांच्या जाळ्यावरील फोनने कितीही हाका मारल्या तरी कार्यालयाच्या जाळ्यावरील डबीला त्या ऐकू येत नाहीत.

यातही एक पोटभेद आहे. अभ्यागतांच्या वाय-फायवर बहुधा विलगीकरणाची सोय चालू असते. त्या जाळ्यावरील दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलू नये, हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यामुळे डबी अभ्यागतांच्या जाळ्यावर नुसती हलविली तरी काम होत नाही. दोघे एकाच वाड्यात, पण प्रत्येकाच्या खोलीला बाहेरून कडी! अनेक तंत्रज्ञ येथे गोंधळतात, आणि शेवटी डबी सदोष ठरवून परत पाठवितात.

मिराकास्ट ही रीत याहून निराळी. २०१२ मध्ये ती आली, आणि तिच्यात संगणक व डबी जाळ्याला मध्ये न घेता हवेतून थेट एकमेकांस जोडली जातात. विंडोजच्या संगणकांत ती असते. ॲपलच्या फोनांत ती नाही, आणि सर्वच अँड्रॉइड फोनांत ती असते असेही नाही. २०१७ पासून विंडोजमध्ये तिचीच एक सुधारित रीत मिळते. तीत पडद्याचा शोध हवेतून होतो, परंतु चित्र कार्यालयाच्या जाळ्यावरून जाते. त्यासाठी डबीचे ७२५० क्रमांकाचे द्वार मोकळे असावे लागते. खरेदी करताना डबीला केवळ एकच रीत येते की तिन्ही, हे पाहिल्याशिवाय मागणीपत्रावर सही करू नये. आपल्या सभागृहात येणाऱ्यांच्या हाती कोणते फोन असावेत, हे आपण ठरवू शकत नाही.

आणखी एक भेद नेहमी विसरला जातो. आपल्या फोनवर दिसते तेच पडद्यावर दाखविणे ही एक गोष्ट. आणि अमुक चित्रफीत अमुक ठिकाणाहून आणून दाखव, असे डबीला सांगणे ही दुसरी. पहिल्यात चित्र फोनकडून डबीकडे जाते आणि बाहेरच्या इंटरनेटची बहुधा गरजच पडत नाही. दुसऱ्यात फोन केवळ हुकूम देतो आणि डबी स्वतः इंटरनेटवरून चित्रफीत आणते. शिक्षकांना अनुभव असेल: फोनवर चित्रफीत सुरळीत चालते, पडद्यावर मात्र चक्र फिरत राहते. फोन स्वतःच्या सिमकार्डावरून इंटरनेट घेत असतो आणि डबीच्या वाट्याला शाळेची मंद जोडणी आलेली असते.

डबी हाही एक संगणकच

मग डबी कोठे ठेवावी? हे सांगण्यापूर्वी ती कार्यालयाच्या जाळ्यात का ठेवू नये, हे सांगणे प्राप्त आहे. ही डबी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तो एक लहान संगणक आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणाच्याही देखभालीत नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. तिची युक्ती फार साधी होती. कारखान्यातून निघताना यंत्रांना जी ठरावीक नावे व परवलीचे शब्द दिलेले असतात, त्यांपैकी साठेक जोड्या ती एकामागून एक लावून पाहत असे. ज्यांनी ते शब्द बदलले नव्हते, त्यांची यंत्रे गेली. मार्च २०१९ मध्ये तिचाच एक नवा अवतार सुरक्षा-संशोधकांच्या नजरेस आला. तो कार्यालयांतील बिनतारी सादरीकरणाच्या एका यंत्रालाही लक्ष्य करीत होता. त्याच वर्षी असेही आढळले की निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक यंत्रांच्या पोटात एकच मूळ आज्ञावली होती, आणि म्हणून दोषही एकच. नाव बदलल्याने यंत्र बदलत नाही.

असे यंत्र वेतनाच्या संगणकाशेजारी, एकाच जाळ्यात ठेवणे म्हणजे कोठाराची किल्ली मांडव घालणाऱ्याकडे सोपविण्यासारखे आहे. तो भला असेलही; परंतु ते त्याच्याकडे असण्याचे कारण काय?

तिसरे जाळे

यास्तव डबीसाठी तिसरे जाळे करावे. त्यासाठी नव्या तारा ओढाव्या लागत नाहीत. तालुका अथवा जिल्हा पातळीवरील कार्यालयात बहुधा जो व्यवस्थापनयोग्य स्विच असतो, त्यातच व्हीलॅन पद्धतीने कार्यालय, अभ्यागत आणि सादरीकरण असे तीन वाडे पाडता येतात. मग त्यांच्यामधील दारांचे नियम लिहावयाचे. कार्यालयातून सादरीकरणाकडे जाता यावे, परंतु चित्र दाखविण्यास लागणाऱ्या द्वारांपुरतेच. अभ्यागतांनाही तेवढीच मोकळीक. डबीने मात्र आपण होऊन कार्यालयाकडे एकही जोडणी उघडता कामा नये. काही रीतींत डबी फोनकडे उलट जोडणी उघडते. ती मुभा अभ्यागतांच्या बाजूस पडदा दाखविण्यापुरती द्यावी लागते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे "यादीत नाव दिसते, पण चित्र येत नाही" अशी तक्रार उद्भवते. डबीला इंटरनेट द्यावयाचे ते सुधारणा उतरवून घेण्यासाठी, घड्याळ लावण्यासाठी आणि हवे असल्यास चित्रफितींसाठी. डबीची व्यवस्था पाहण्याचे पान देखभालीच्या एकाच संगणकावरून उघडेल असे करावे.

राहिली दवंडी. ती वेशीपलीकडे नेण्यासाठी राऊटरमध्ये किंवा वाय-फायच्या नियंत्रकात एक कोतवाल नेमता येतो. एका वाड्यातील हाक तो दुसऱ्यात पुन्हा देतो. यास एमडीएनएस रिले अथवा गेटवे म्हणतात. मात्र या कोतवालाला प्रत्येक हाक पोहोचवू देऊ नये. नाहीतर कार्यालयातील प्रत्येक छपाईयंत्राचे नाव अभ्यागतांच्या फोनवर झळकू लागते. पडद्याच्या हाकाच तेवढ्या पुढे जाव्यात. त्या कार्यालयात मी हे सर्व अखेर केले. काम दोन तासांचे होते. ते पहिल्याच दिवशी का केले नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

डबीला कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे डीएचसीपीमध्ये तिच्यासाठी एक पत्ता राखून ठेवावा. नियम पत्त्यावर लिहिलेले असतात आणि पत्ता बदलला की नियम निरुपयोगी होतात. तिला ओळखू येईल असे नाव द्यावे. एका इमारतीत दोन मजल्यांवर दोन डब्या होत्या आणि दोन्ही कारखान्याच्याच नावाने वावरत होत्या. वरच्या दालनात उघडलेला आस्थापनेचा तक्ता खालच्या सभागृहात, भरल्या सभेत उमटला! पडद्यावर प्रत्येक वेळी नवा चार आकडी संकेतांक येईल आणि तो फोनवर टाकल्यावरच जोडणी होईल, ही सोय असतेच. ती चालू ठेवली असती तर हे टळले असते. संकेतांकाने थोडा वेळ जातो, पण पडदा डोळ्यांसमोर असलेल्या माणसालाच तो वापरता येतो.

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत इतकी सामग्री नसते, हे मी जाणतो. एकच राऊटर, तोही कपाटावर. तेथे सोपा मार्ग असा की डबी कार्यालयाच्या जाळ्याला जोडूच नये. तिचे स्वतःचे वाय-फाय असेल तर फोन थेट तिलाच जोडावा. वर्षातून दोनदा मुख्याध्यापकांनी अथवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर घेऊन सुधारणा उतरवून घ्याव्यात आणि पुन्हा मोकळी करावी.

हवा, तार आणि वीज

बिनतारी उपकरणाला तार जोडा, असे मी सांगितले की लोक हसतात. परंतु डबी वाय-फायवर असेल तर चित्राचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा प्रवास करतो: एकदा फोनकडून वाय-फायच्या केंद्राकडे आणि पुन्हा केंद्राकडून डबीकडे. डबीला स्विचपासून तार दिली की दुसरी फेरी वाचते आणि भरल्या सभागृहात फरक लगेच जाणवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. तेथे साठ फोन, शेजारच्या दोन इमारती आणि चहाच्या खोलीतील मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्याचा मोठा भाग विनापरवाना वापरास मोकळा केला. मात्र या लहरी भिंतीतून तितक्या सहज जात नाहीत. म्हणून वाय-फायचे केंद्र सभागृहातच हवे, बाहेरच्या ओसरीवर नव्हे.

वीज गेल्यानंतरचा एक नेहमीचा रोग सांगतो. वीज परत आली की डबी अर्ध्या मिनिटात जागी होते. राऊटरला मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. पत्ता देणारे कोणी नाही असे पाहून डबी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसते, आणि काही डब्या मग लवकर हलत नाहीत. पडद्यावर असा पत्ता दिसला तर यंत्र बिघडलेले नाही; राऊटर स्थिर झाल्यावर डबी एकदा बंद करून चालू करावी. राऊटर व स्विच यूपीएसवर ठेवले तर हा प्रसंगच येत नाही.

तोडग्यांचा राजा म्हणून जे बटण प्रसिद्ध आहे, ते मूळ स्थितीवर नेणारे बटण, ते मात्र घाईने दाबू नये. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट डब्या जगभर एकाएकी बंद पडल्या. त्यांच्यातील एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. ज्यांनी काही केले नाही, त्यांच्या डब्या थोड्या दिवसांत सुधारणा उतरून पुन्हा चालू लागल्या. ज्यांनी घाईने ते बटण दाबले, त्यांना पुन्हा मांडणी करताना अधिक त्रास झाला. क्रोमकास्ट या नावाच्या डब्यांचे उत्पादन तर २०२४ मध्येच थांबले होते. तेव्हा खरेदीच्या टिपणीत किमतीबरोबरच, सुधारणा किती वर्षे मिळतील, हा रकाना असावा. डबी निर्लेखित करतेवेळी मात्र तेच बटण अवश्य दाबावे, कारण तिच्या पोटात आपल्या वाय-फायचा परवलीचा शब्द असतो.

पडद्यावर जे येते त्याविषयी एकच सूचना. फोन पडद्याला जोडला की फोनवर येणारे निरोपही पडद्यावर येतात. लाभार्थ्यांची आधार क्रमांकांसह यादी, एखाद्या विद्यार्थिनीच्या पालकाचा निरोप, बँकेचा संकेतांक, सगळे सभेसमोर. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. परंतु फोनवरील व्यत्यय नको ही कळ दाबण्यासाठी अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्या सरपंचताईंचे काय झाले, असे मला कोणी ना कोणी विचारतेच. जाळ्याची मांडणी बदलल्यावर मी पहिली चाचणी माझ्या लॅपटॉपवर घेतली नाही. शेवटच्या रांगेत बसून, अभ्यागतांच्या वाय-फायवर, कार्यालयातील शिपायाच्या साध्या फोनवरून घेतली. पुढच्या आढावा बैठकीस ताई आल्या. तोवर पाऊस पडून गेला होता आणि विहिरीला पाणी आले होते. तरीही त्यांनी ती जुनी छायाचित्रे दाखवली. कोरडा तळ, तळाशी एक घागर आणि कडेला तारीख. अध्यक्षांनी तक्त्यातील त्या गावाची नोंद तपासून पाहण्यास सांगितले. ताईंचा फोन तोच होता.

आता या समोरच्या टेबलावर एक डबी, एक स्विच आणि एक राऊटर मांडला आहे. दोन वाय-फाय चालू आहेत, एक कार्यालयाचे व एक अभ्यागतांचे, आणि मधली वेस मी मुद्दाम बंद ठेवली आहे. बाजूला एक एचडीएमआयची तारही आहे. ती प्रत्येक सभागृहात असावी, सर्व काही नीट चालत असले तरी. शेवटच्या रांगेतील मंडळींनी कृपया आपापले फोन बाहेर काढावेत आणि अभ्यागतांच्या वाय-फायला जोडून पडद्याचे नाव दिसते का ते पाहावे. दिसणार नाही. मग आपण एकेक दार उघडत जाऊ.